‘आई, ते गोरं करणारं क्रीम आण ना’

‘मी बँकेत नोकरी करते. सकाळी साडेनऊला निघते, सातला घरी येते. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. दिवसभर दोघांना सासूबाई सांभाळतात. धाकट्याचं जेवण मोबाइलशिवाय होत नाही आणि संध्याकाळी टीव्हीवर मालिका असतात. गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “आई, ते गोरं करणारं क्रीम आण ना, मी काळी आहे.” आता उन्हात खेळायलाही जात नाही. सोसायटीच्या गणपतीत ती एका आयटम साँगवर कंबर उडवत नाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिरांनी व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. मला मात्र पोटात कसंतरी झालं. धाकटा कुठलंसं इंजेक्शनचं कार्टून बघून रात्री दचकून उठतो. मोबाइल काढून घेते म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, “मग तूच सांभाळ.” काय करू? आणि तुमचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं तर चालेल का?’
– एक वाचक, इचलकरंजी

क्रीमपासून सुरुवात करू. बाकीचं दोन-चार आठवड्यांत रुळावर येईल, पण सहा वर्षांच्या मुलीला स्वतःचा रंग नकोसा झालाय, ही गोष्ट आजच हातात घ्यायला हवी.

असं मूल म्हणालं की आपल्या तोंडून पटकन दोनच उत्तरं निघतात. एक, ‘छे गं, तू कुठे काळी, गोरीच तर आहेस.’ दुसरं, ‘रंगात काय असतं, मन चांगलं हवं.’ पहिल्या उत्तरातून तिला एवढंच कळतं की काळं असणं फारच वाईट असणार, नाहीतर आई खोटं कशाला बोलेल. दुसरं तिला पटत नाही, कारण नवं बाळ बघायला आलेल्या बायका पहिल्यांदा रंगाबद्दलच बोलतात, हे तिने कानांनी ऐकलेलं असतं. त्यापेक्षा रंगाचं नाव मोकळेपणाने घ्या. ‘हो, तुझा रंग सावळा आहे,’ असं म्हणा आणि घरात ज्यांचा रंग तिने घेतलाय त्यांचं नाव सांगा. ‘आपल्या कातडीत मेलॅनिन असतं. ते जास्त असलं की रंग गडद होतो आणि ते कातडीला उन्हापासून जपतं.’ पहिलीतल्या मुलीला एवढं नीट समजतं. पंढरपूरचा विठोबा काळा आहे आणि लोक त्याच्यासाठी मैलोन्‌मैल चालत जातात, हेही सांगा. फक्त एकाच दिवशी सगळं सांगत बसू नका. वेणी घालताना दोन वाक्यं, आठ दिवसांनी पुन्हा दोन.

तिला हळूच विचारा, ‘कुणी म्हणालं का तुला असं?’ वर्गातल्या कुणी चिडवलं असेल, तर बाईंना त्याच आठवड्यात भेटा. पण बहुतेक वेळा मूल एका कुणाचं नाव सांगू शकत नाही, कारण हे त्याच्यापर्यंत दहा ठिकाणांहून आलेलं असतं. जाहिराती हे त्यातलं एक. गोरेपणाच्या जाहिरातींत सावळ्या माणसाला कमी लेखू नये, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये केला. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं. शब्द बदलले, ‘गोरेपणा’ जाऊन ‘ग्लो’, ‘निखार’, ‘उजळपणा’ आले. चित्र मात्र पुष्कळदा तेच राहिलं: आधी मळकट, खाली पडलेला चेहरा, मग उजळलेला, हसरा. सहा वर्षांचं मूल जाहिरातीतले शब्द ऐकत नाही, चित्र वाचतं.

दुसरं ठिकाण तुमच्या हातातच आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा उजळवणारी ‘ब्यूटी’ची सोय आधीपासून चालू असते. मुलीला स्वतःच्या प्रत्येक फोटोत आपला चेहरा आरशापेक्षा गोरा दिसतो, आणि आरशातला चेहरा चुकीचा वाटू लागतो. कॅमेरा उघडा, सेल्फी घ्या आणि ‘ब्यूटी’, ‘फेस’ किंवा ‘रीटच’ असं जे काही दिसेल ते शून्यावर आणा. घरातल्या सगळ्या फोनवर हे करा, काकांच्या फोनवरसुद्धा. आणि तिच्या फोटोंना फिल्टर लावू नका.

तिसरं ठिकाण आपलं बोलणं. ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हे वाक्य आजपासून घरात बंद. त्याऐवजी ‘ऊन लागेल, टोपी घाल’ म्हणा. अंघोळीला हळद-बेसन खुशाल लावा, पण ‘उजळशील’ म्हणून नाही. क्रीम तर आणूच नका, ‘लहान मुलांचं’ म्हणून मिळणारंही नाही. त्वचा उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला आहे. पारा मूत्रपिंडाला घातक आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते.

आता जाहिरातींचं काय करायचं? साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला हे उमगत नाही की जाहिरात करणाऱ्याला आपल्याला काहीतरी विकायचं आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या 2004 च्या अहवालाचाही निष्कर्ष असाच होता. त्याहून लहान मुलाला तर कार्यक्रम कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हेच नेहमी कळत नाही. त्यामुळे ‘जाहिराती खोट्या असतात’ असं एकदा सांगून भागत नाही, रोज थोडा सराव लागतो. एक सोपी युक्ती करा. टीव्हीचा रिमोट मुलीकडे द्या आणि जाहिरात लागली की आवाज बंद करणं हे तिचं काम ठरवा. टीव्हीवर तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. एवढा वेळ आवाज नसला तर त्यांची निम्मी जादू जाते. शिवाय जाहिरात ओळखायची सवय तिला आपोआप लागते. आठवडाभराने त्यात एक प्रश्न घाला: ‘हे काय विकतायत?’ आणखी काही दिवसांनी दुसरा: ‘हे घेतल्यावर काय होईल असं सांगतायत? तसं खरंच होतं का?’ उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, तिला बोलू द्या.

एखादी जाहिरात फारच खटकली, तर तक्रार करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल कमीपणा येईल अशी जाहिरात करता येत नाही. चिप्स, शीतपेयं यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत किंवा खास मुलांच्या वाहिनीवर दाखवायलाही मनाई आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. फोन करण्याआधी वाहिनी, तारीख, वेळ आणि उत्पादनाचं नाव लिहून ठेवा, नाहीतर तक्रार पुढे सरकत नाही.

नाचाबद्दल तुम्हाला जे वाटलं ते बरोबरच होतं, पण मुलीला ओरडू नका. ‘घाणेरडं नाचलीस’ हा शब्द तर चुकूनही नको. त्या हालचालींचा मोठ्यांना दिसणारा अर्थ तिला माहीतच नाही. तिला एवढंच कळलं की असं केल्यावर सगळे टाळ्या वाजवतात. नेमकी काळजीची गोष्ट तीच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1965 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. हवा भरलेल्या बाहुल्याला बडवणाऱ्या मोठ्या माणसाची चित्रफीत त्यांनी लहान मुलांना दाखवली. काही मुलांच्या चित्रफितीत शेवटी त्या माणसाला शाबासकी मिळत होती, काहींच्या चित्रफितीत त्याला बोलणी खावी लागत होती. बोलणी खाल्लेली पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर ‘करून दाखवलंस तर बक्षीस’ म्हटल्यावर त्यांनीही जवळजवळ तेवढंच करून दाखवलं. म्हणजे पाहिलेलं सगळ्यांच्या डोक्यात बसलंच होतं. बाहेर काय काढायचं, ते मुलांनी मोठ्यांच्या कौतुकावरून ठरवलं. तुमच्या घरातही पडद्यावर काय आहे याच्याइतकंच महत्त्व आजूबाजूची मोठी माणसं कशावर हसतात, कशावर टाळ्या वाजवतात, याला आहे. म्हणून नुसता मोबाइल लपवून हे सुटणार नाही.

दिरांना एकट्यात सांगा, सगळ्यांसमोर नको: ‘भावोजी, तो व्हिडिओ काढून टाका. खाली अनोळखी लोकांच्या कमेंट येतात आणि तिला मोठी झाल्यावर तो नकोसा वाटेल.’ इन्स्टाग्रामवरून काढलेली पोस्ट 30 दिवस ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये पडून असते, तिथूनही काढायला लावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असेल, तर तिथेही ‘आणखी कुठे टाकू नका’ असं लिहा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून 2019 मध्ये वाहिन्यांना सूचना दिली होती की नृत्याच्या स्पर्धांमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातली तशी नृत्यं करायला लावू नयेत. वाद झालाच, तर हा दाखला हाताशी असू द्या.

नाच मात्र बंद करू नका, गाणं बदला. तिला ताल आवडतोय, अंग मोकळं सोडायला आवडतंय. लेझीम, फुगडी, दिंडीची पावली यांत तेवढाच जोर आहे. कोळीगीतं चालतील, पण आधी स्वतः शब्द ऐका, काहींचे बोल मोठ्यांसाठीच आहेत. शाळेच्या गॅदरिंगचं गाणं बहुधा दिवाळीनंतर लगेच ठरतं आणि तयारी सुरू झाली की बदलत नाही. म्हणून वर्गशिक्षिकांना दिवाळीच्या सुट्टीआधीच चिठ्ठी द्या: ‘पहिलीच्या मुलांसाठी लोकगीत किंवा बालगीत घ्यावं ही विनंती. कपडे शिवायला मी मदत करीन.’ शेवटचं वाक्य राहू द्या. नुसती तक्रार आणि मदतीसह आलेली विनंती यांत शाळेच्या दृष्टीने खूप फरक पडतो.

आता आजींचा फोन. तिथे नेमकं काय होतं ते बघा. आजी त्यावर भजनं, रेसिप्या, मालिकांचे तुकडे बघतात. मुलं त्याच खात्यावर कार्टून बघतात. यूट्यूब जे पूर्ण आणि पुन्हापुन्हा पाहिलं जातं त्यासारखंच आणखी पुढे आणतं. लहान मूल एकच व्हिडिओ वीस-वीस वेळा बघतं, त्यामुळे एखादा वाईट व्हिडिओ आवडला की त्याच्या भावंडांची रांगच लागते. भरीला एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ज्याला लिहिता येत नाही ते मूल माइकचं बटण दाबून बोलतं, आणि ‘डॉक्टर डॉक्टर’ म्हटल्यावर काय निघेल याचा नेम नाही.

धाकट्याने बहुतेक तेच पाहिलंय. 2017 मध्ये जगभर अशा व्हिडिओंवरून मोठा गदारोळ झाला होता: ओळखीची कार्टून पात्रं घेऊन त्यांना भल्यामोठ्या सुया टोचायच्या, दात उपटायचे, रक्त दाखवायचं. यूट्यूबने तेव्हा पुष्कळ काढले, पण हा प्रकार पुन्हापुन्हा उगवतो. ओळखायच्या खुणा आहेत. नावात रंग, फिंगर फॅमिली (बोटांचं बालगीत), इंजेक्शन, बेबी असे शब्द एकमेकांत कोंबलेले असतात. बाहेरच्या चित्रात रडका किंवा भेदरलेला चेहरा आणि भडक रंग. आत संवाद नाहीत, नुसतं किंचाळणं आणि हसणं. चॅनेल कुणाचं आहे ते कुठेच सापडत नाही. मुलांसाठीच्या व्हिडिओंखाली 2020 पासून कमेंट बंद आहेत, त्यामुळे दुसऱ्या पालकांचा इशाराही तुम्हाला वाचायला मिळत नाही. पहिलं मिनिट बहुतेक वेळा निर्मळच असतं. तेव्हा कुठलाही नवा व्हिडिओ सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाकडे, असा तीन ठिकाणी बघितल्याशिवाय मुलाला देऊ नका.

रविवारी पाऊण तास काढा. आजींचं यूट्यूब आहे तसंच ठेवा, त्यांच्या भजनांना हात लावू नका. फक्त सेटिंग्जमध्ये जाऊन आतापर्यंतची ‘हिस्टरी’ पुसा आणि ‘ऑटोप्ले’ बंद करा. मुलांसाठी ‘यूट्यूब किड्स’ वेगळं घ्या आणि ते तुमच्या गुगल खात्याने उघडा. मुलांची दोन वेगळी प्रोफाइलं करा. अ‍ॅप वयाचा गट विचारतं: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. हे गट निवडू नका. ती चाळण मुख्यतः यंत्राची आहे आणि तिच्यातून खडे निसटतात. शेवटचा पर्याय घ्या, ज्यात पालक स्वतः मंजूर केलेलंच दिसतं. तो घेतला की शोधण्याची सोय आपोआप बंद होते, माइकचा प्रश्नच मिटतो. मंजुरी देताना अख्खं चॅनेल मंजूर करू नका, कारण त्यावर उद्या येणारे नवे व्हिडिओही आपोआप आत येतात. एकेक व्हिडिओ निवडा. बारा-पंधरा पुरेत, मुलांना तेच ते बघायला आवडतं, कंटाळा आपल्याला येतो. मोठ्यांच्या सेटिंग्जना कुलूप म्हणून अ‍ॅप आधी गुणाकार विचारतं. मुलगी पाढे शिकेपर्यंतच ते टिकेल, त्यामुळे स्वतःचा चार आकडी कोड घाला. तिथेच ‘टायमर’ आहे, तो 20 मिनिटांवर लावा. वेळ संपल्याचं फोन सांगतो, त्यामुळे आजींना वाईटपणा घ्यावा लागत नाही.

एवढं करूनही मूल अ‍ॅपमधून बाहेर पडून आजींचं यूट्यूब उघडतं. त्यासाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात ‘अ‍ॅप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ शोधा, ते चालू करा आणि सोडवताना पिन मागण्याचा पर्यायही लावा. मग फोन त्या एकाच अ‍ॅपवर अडकून राहतो. आजींना हे दहा वेळा हाताने करून दाखवा. सांगून नाही जमत, करून जमतं. घरात जुना फोन पडला असेल, तर सिम काढून त्यात एवढं एकच अ‍ॅप ठेवणं सगळ्यांत सोपं.

वेळ किती? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांपेक्षा कमी. टीव्ही आणि मोबाइल मिळून. मागे आजींची मालिका चालू आणि मूल तिथे खेळतंय, तो वेळही धरा. मालिकेतली थोबाडीत, विष कालवणं, सासूचे डाव हे मुलगी खेळता खेळता सगळं टिपत असते. आजींची आवडती मालिका दुपारी पुन्हा लागते का बघा, किंवा रात्री मुलं झोपल्यावर मोबाइलवर लावून द्या. मालिका त्यांची आहे, ती बंद करायची नाही. तिची वेळ बदलायची आहे. ओटीटीवर बघत असाल, तर कार्यक्रमाआधीची खूण पाहा: यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए. 2021 च्या नियमांप्रमाणे 13+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावण्याची सोय द्यावीच लागते. सेटिंग्जमध्ये ती शोधा आणि पिन घाला.

धाकटा रात्री उठला की ‘ते खोटं असतं रे’ म्हणून उपयोग नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला खरं-खोटं असं अजून नीट वेगळं करता येत नाही. आधी जवळ घ्या, दिवा लावा, पाणी द्या. दिवसा खेळण्यातला डॉक्टरचा संच द्या आणि त्याला बाहुलीला सुई टोचू द्या, तुम्हालाही टोचू द्या. सुई त्याच्या हातात आली की भीती उतरू लागते. झोपण्याआधी तासभर पडदा नको. लस द्यायची असेल, तर तीही आधी अशीच खेळून दाखवा.

जेवणातला मोबाइल एकदम सगळ्या जेवणांतून काढलात, तर दुसऱ्याच दिवशी परत येईल. शनिवारी-रविवारी, तुम्ही घरी असताना, फक्त रात्रीच्या जेवणापासून सुरू करा. ताट लहान, वाढप थोडी, हातात त्याचा स्वतःचा चमचा, 20-25 मिनिटं. मग ताट उचला, न रागावता. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल आणि आकांत करेल. तेव्हाच ‘चार घास तरी’ म्हणून मोबाइल दिला, तर जास्त रडलं की मोबाइल मिळतो हे तो शिकतो आणि पुढचा आठवडा दुप्पट अवघड जातो. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटं आणि दुधाचे मोठे पेले बंद ठेवा, नाहीतर भूकच लागत नाही. रात्रीचं जेवण बसलं की दहा दिवसांनी दुपारचं. वजन घटत असेल किंवा तो गिळायला नकार देत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दचकणं तीन आठवड्यांनीही थांबलं नाही, मुलगी अंघोळीत अंग खसाखसा घासू लागली, किंवा कुठल्याही मुलाच्या खेळात वयाला न शोभणारं, शरीराशी संबंधित असं काही वारंवार दिसलं, तर थांबू नका. ‘हे कुणी दाखवलं? कुणी तुला हात लावला का?’ असं शांतपणे, एकदाच विचारा आणि बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आहे.

राहिलं सासूबाईंना वाचून दाखवण्याचं. जरूर दाखवा, पण पत्राचं पहिलं वाक्य वाचण्याआधी त्यांना एवढं सांगा की दिवसाचे साडेनऊ तास दोन मुलं सांभाळणं हे तुमच्या नोकरीपेक्षा कमी काम नाही. ‘मग तूच सांभाळ’ या वाक्यात दमणूक आहे. मोबाइलने त्यांना दुपारी पाऊण तास पाठ टेकायला मिळते. तो वेळ काढून घ्यायचा असेल, तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. चार ते पाच एखादी ओळखीची मुलगी मुलांना खाली खेळायला नेईल असं बघा. दुपारची भाजी सकाळीच चिरून ठेवा. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या मराठी चित्रगोष्टींतल्या दोन-तीन छापून आणा. आणि यूट्यूब किड्समधले ते बारा-पंधरा व्हिडिओ निवडायला रविवारी त्यांनाच शेजारी बसवा. ‘हे चालेल’, ‘हे नको’ हे त्यांनी म्हणायचं, बटण तुम्ही दाबायचं. सोमवारी दुपारी तुम्ही बँकेत असाल, तेव्हा ती यादी त्यांची असली पाहिजे.